हिवाळी गळ

पावसाळ्यात सोपं असतं.
रबरी बेडूक पाणगवतावर फेकायचा,
टपटप टपटप नाचवत आणायचा,
आणि खालून मरळ अशी फुटते
की गोऱ्ह्याच्या काठावरची म्हैससुद्धा मान वळवते.

जानेवारीत बेडूकच नसतात.
चिखलात गेलेले, देव जाणे किती खोल.
मग रबराचा एकटाच पाण्यावर उड्या मारणार,
म्हणजे वरात पांगल्यावर
मागे राहून वाजवणारा बँडवाला.
दोन हिवाळे मी तसाच वाजवला.

तेव्हा दिलावर शिकलगार एका दमात बोलायचा:
पहाटेची हौस सोड.
सिंहगडाच्या आडून ऊन उतरू दे, दहा वाजू दे, साडेदहा.
काळ्या खडकापाशी टाक, तो आधी तापतो.
दोरा बारीक घे. आमिष अर्धं कर.
शिसं लाव, तळाला जाऊ दे,
आणि ओढायची घाई असेल तर घरी जा.
तिचं रक्त गार झालंय, ती धावायची नाही.
तोंडापाशी नेऊन ठेव,
रुसलेल्या माणसाला वाढतात तसं,
वाढायचं आणि तिकडे बघायचं नाही.

भोसरीत मी चौतीस वर्षं लेथ चालवली.
कडक लोखंडाला फीड कमी ठेवायचा, एवढं मला कळतं.
तरी रीळ हातात आलं की फिरायचंच,
सरसर, जसं काही शिफ्ट संपत आलीय.

दिवाळीनंतर त्याला झटका आला.
उजवा हात मांडीवर असतो,
कुणीतरी सांभाळायला देऊन गेल्यासारखा.
गळांना धार तोच लावायचा,
नखावर टेकवून बघायचा,
घसरला की पुन्हा दगडावर.
आता धार मी लावतो,
आणि तो डाव्या हाताचं नख पुढे करतो.
सकाळपासून तीनदा घसरलाय.

अश्पाक रिक्षानं सोडून गेला,
प्लास्टिकची खुर्ची, कानटोपी, चादर, गोळ्यांचा डबा.
पाणी इतकं गप्प
की पलीकडे कुडज्यात भुंकणारं कुत्रं
आपल्याच पायाशी आहे असं वाटावं.

दिलावर म्हणाला, "चा..."
चहा? मी थर्मास उघडला.
त्यानं मान हलवली. "चा..."
चादर घसरली होती, ती वर ओढली.
त्यानं डोळे मोठे केले. "चा..."
चाकू हवाय का?
"...वतंय."

मी दोऱ्याकडे पाहिलं तेव्हा
तो नुसता जड झाला होता,
ओलं पान अडकावं इतकाच.
मग तेवढाही नाही.
थंडीत ती हिसका देत नाही.
तोंडात धरते, विचार करते,
आणि तुमचं लक्ष चहात असेल तर
परत ठेवून देते.

शिव्या मात्र त्याला अडखळत नाहीत.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या,
शिव्या मेंदूत वेगळ्या कप्प्यात असतात.
तो कप्पा शाबूत आहे. चांगला भरलेलाही आहे.
दोघं हसलो, त्याच्या तोंडाची एकच बाजू हसली,
चहा मी एकट्यानं प्यायलो.

पुन्हा टाकला. शिसं तळाला टेकलं,
ते बोटाला कळतं, कानाला नाही.
रिळाचा अर्धा वळसा. थांबायचं.
अर्धा वळसा.
बोटं आखडतात, त्यांना काखेत घालून आणायचं.

मरळीला श्वासासाठी वर यावंच लागतं.
उन्हाळ्यात सारखी येते,
या दिवसांत कितीतरी वेळानं,
आली तरी एक बुडबुडा, तोही काटकसरीचा.
खडकाच्या सावलीपाशी आत्ता एक फुटला.

"ति..." दिलावर म्हणाला.

तिथं? तिखट? तिसरी गोळी?
मी जीभ दातांखाली धरली.
वळसाही नाही घेतला.
ऊन त्याच्या कानटोपीवरून खांद्यावर आलं,
चादरीवर एक मुंगी बरीच लांब चालून गेली.
त्याचे ओठ अजून हलताहेत,
शब्द खालून निघालाय.
दोरा मी सैल सोडलाय.